सुमनबाईंनी केलेला एका पानाचा अर्ज

सुमनबाई साळवे कुणाचाही अर्ज वाचण्याआधी तळहातावर तोलून बघायच्या. मानवतला बसस्टँडच्या मागे त्यांचा टायपिंगचा क्लास होता. तीन मशिनं, दोन बाकं आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. माझा अर्ज त्यांनी तोलला आणि म्हणाल्या, "भाऊ, हा अर्ज हाय का पंचनामा?"

पानं सात होती. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती आणि पंचविसाची वयोमर्यादा ओलांडायला मला एकोणचाळीस दिवस उरले होते. त्यानंतर सरकारी नोकरीचं दार बंद. त्याआधी मी अकरा अर्ज पाठवले होते, सगळे असेच सात-सात पानी. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. दोष मी वशिल्याला देत होतो.

अर्जात सगळं होतं. विषयवार गुण, टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत, उंची, वजन. आणि पहिल्याच पानावर, अधोरेखित करून, मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झाल्याची कबुली, कारणांसह. पहिल्या खेपेला हिवताप होता. दुसऱ्या खेपेला काहीच कारण नव्हतं, तेही लिहिलं होतं.

बाईंनी लाल पेन्सिल उचलली. "दुष्काळात काय करत होता?"

"पाझर तलावाच्या कामावर मजुरांची हजेरी ठेवत होतो. पण ती कायम नोकरी नव्हती, म्हणून लिहिली नाही."

"किती माणसं?"

"तीनशे बारा. सात महिने. एका दिवसाची हजेरी चुकली नाही."

"आन् हे लिवलं न्हाई? वजन लिवलं!"

त्यांनी लाल पेन्सिलीने पानंच्या पानं उडवली. नापास झाल्याच्या कबुलीपाशी मी हात आडवा घातला. म्हणालो, हे काढलं तर लपवल्यासारखं होईल.

"खोटं मी बी टायपत न्हाई," बाई म्हणाल्या. "गुणपत्रिकेची नक्कल जोडायलात ना? त्यात हाय की समदं. तुमी खरं सांगायला न्हाईत भाऊ, आदीच माफी मागायलात. माझ्या बापानं लोकांची लाकडं फोडून मला शिकवलं. मी कुठं रडून लिवलं न्हाई. 'मॅट्रिक पास' लिवलं. बास."

एक पान झालं. वरच, नावाखाली, तीनशे बारा मजूर आणि सात महिने. मला ते पान कुणा दुसऱ्याच माणसाचं वाटलं, बऱ्यापैकी कामाच्या माणसाचं. रात्रभर मन खात राहिलं. सकाळी मी दोन पानांची हस्तलिखित पुरवणी तयार करून पाकिटात सरकवली. विषय : मूळ अर्जात न आलेल्या बाबी.

पाकिटावर पत्ता टायपून घ्यायला गेलो, तर बाईंनी तेही तोललं. पुरवणी ओढून काढली, फाडली, स्वतः डिंक लावून पाकीट बंद केलं आणि क्लासला कुलूप घातलं. "चला पोस्टात. लय भरवसा न्हाई तुमचा."

मुलाखतीला बोलावणं आलं. साहेबांनी फक्त हजेरीबद्दल विचारलं, आणि मी न थांबता दहा मिनिटं बोललो. उठताना मात्र राहवलं नाही. म्हणालो, "साहेब, मी इंग्रजीत दोनदा नापास आहे."

"गुणपत्रिकेत पाहिलं," साहेब म्हणाले. "पुढचे कोण आहेत?"

ऑर्डर आली तेव्हा वयोमर्यादेचे चार दिवस शिल्लक होते.

आता आई नाही आणि बाईही नाहीत, म्हणून पुढचं लिहायला हरकत नाही. खरं तर तेव्हाही नव्हती. वालूरला, गावी, आईनं विचारलं, "कुनी रं केला तुझा अर्ज?" नाव सांगितलं की आडनाव विचारलं जाणार, आणि आडनावावरून वस्ती. मग मी बाईंच्या हातचं पाणी प्यालो का, चहा प्यालो का, हेही निघणार. दोन्ही प्यालो होतो. मी म्हणालो, "मानवतचे एक सर आहेत." वजनासकट सगळं लिहिणाऱ्या माझ्या हातून एवढंच गळलं.

आई त्या सरांना रोज दुवा द्यायची. सुगीत तिनं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी बांधून दिली. "सरांच्या हातात दे." बेरीज तीनदा तपासणाऱ्या मी पिशवी न उघडता बाईंच्या समोर ठेवली. म्हणालो, "आईनं तुमच्यासाठी पाठवलंय."

बाईंनी शेंगा सुपात ओतल्या. तळाशी पंचा होता, आणि त्यात घडी घातलेली पांढरी टोपी.

बाईंनी टोपी उलटीसुलटी करून पाहिली, मग मशिनशेजारी नीट ठेवली.

"आईला सांगा," त्या म्हणाल्या, "सरांना टोपी बराबर बसली."

मी तो निरोप घरी शब्दशः पोचवला.