दाराआडचा सवाल

माझ्या अल्बममध्ये जाझ आहे, सोल आहे, लोकगीत आहे आणि पॉपही आहे. हे घरी समजावताना मी "मिसळ आहे गं" म्हणाले, तर आत्या म्हणाली, "मग पाव कुठाय?" असो.

मुंबईतली नोकरी सोडून मी वरंधजवळच्या आमच्या वाडीत हा अल्बम करायला आले, तेव्हा वाडीला वाटलं, हिला नक्की काढलेली असणार. बाबांना काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. "जेवलीस?" एवढा एक शब्द तेवढा माझ्यासाठी राखून ठेवला होता.

भाताच्या कणग्यांच्या खोलीत गोधड्या टांगून मी स्टुडिओ केला. काय तो स्टुडिओ! सूर लागला की लाईट जायची, लाईट आली की कोंबडा आरवायचा. सॅक्सोफोन वाजवणारा मित्र मुंबईहून आला आणि "इथे काय शांतता आहे गं" म्हणतोय तोवर भातगिरण सुरू झाली. एका गाण्यात ती अजून ऐकू येते. जाणकारांनी तिला 'मातीचा नाद' म्हटलं. म्हणोत बापडे.

बाबा शक्ती-तुऱ्याचे शाहीर. पाचाडपासून पोलादपूरपर्यंत त्यांचं नाव. आमच्याकडे गणपतीत नाचाचे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब नाही आला तर हरलात, मग गळा कितीही गोड असो. तालीम आमच्याच अंगणात व्हायची. अंगणात बाबा घसा फुटेस्तोवर गात, आणि उंबरा ओलांडला की घरातला खांब बरा, एवढे गप्प.

अल्बममधलं शेवटचं गाणं मी त्यावरच लिहिलं होतं. बाकीची गाणी जगानं ऐकली काय, नाही ऐकली काय. जगानं तसंही फार मनावर घेतलं नव्हतं. हे एक मात्र बाबांनी ऐकावं आणि काहीतरी बोलावं, शिवी दिली तरी चालेल, एवढीच माझी इच्छा होती. पण "बाबा, जरा ऐका" म्हणायची माझी काय टाप!

ते काम मुंबईकर चुलतभावानं केलं. बायकांचे गौरीपुढे सुपं ओवाळायचे ओवसे आटोपून दुपारी सगळे ओटीवर पान खात बसले होते. त्यानं मोबाईल आरतीच्या स्पीकरला जोडला आणि पुकारलं, "आता आपल्या मॅडमचं साँग!" सुरुवातीला पियानो बराच वेळ नुसताच रेंगाळतो. फार विचार करून केलं होतं मी ते. आत्यानं विचारलं, "मशीन बिघडली काय गो?" काका म्हणाले, "थांब, अजून सामान लावतायत ते." मग सॅक्सोफोन आला, नेमकी तेव्हाच गोठ्यातली म्हैस हंबरली, आणि अख्ख्या ओटीनं म्हशीला पसंती दिली. कलेची कदर म्हणतात ती हीच. मग माझा आवाज आला:

"अंगणभर गातोस बाबा, घरात का रे मुका?"

गाणं संपेपर्यंत बाबा खाली बघत राहिले. मग भावाला म्हणाले, "बंद कर रे ते."

"सवाल टाकलाय तिनं," बाबा म्हणाले. "जवाब द्यायला नको काय?"

अहो, गाणं होतं ते! माझं आतलं दुःख वगैरे होतं! पण आमच्याकडे गाण्यातून विचारलं की तो सवालच, मग विचारणारी पोटची पोर का असेना. त्यांनी मखराशेजारची ढोलकी मांडीवर ओढली आणि बसल्या जागी गायले:

"घरात नाय गायलो पोरी, लागण होते गाण्याची,
येल तुझ्यावर माझ्यावानी पाळी उपाशी राहण्याची."

इतकी वर्षं मी काय काय समजून बसले होते. राग आहे, मुलीच्या जातीनं गाऊ नये असं वाटतं, आणखी काय काय. माणूस माझ्यासाठी घाबरला होता. मला भडभडून आलं, पण रडायला सवड कुठे! जवाब दिला की उलटा सवाल टाकायचा हा नियम, आणि बाबा नियमाचे पक्के.

"दाराआडून ऐकायचीस तू, दिसायची गो सावली,
भायेर का नाय आलीस पोरी, कुणी होती अडवली?"

म्हणजे माहीत होतं त्यांना. जाझ, सोल, लोकगीत, पॉप, सगळं बाजूला ठेवून मी ओळ जुळवायला लागले.

"जवाब दे गो, नायतर हरलीस!" आत्या ओरडली. बाबा ठेका धरून थांबले होते. मी गायले. सपशेल बेसूर, स्टुडिओत असते तर पुन्हा घेतलं असतं.

"अडवली नाय कुणीच बाबा, हाक नाय कुणी मारली."

ठेका थांबला. बाबा चटईवर जरा सरकले, शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाले, "ये."