पवळ्याच्या मानेवरचं मलम

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वेणी घालत होते. भाचा, अण्णांचा मुलगा, "आत्या, अण्णा..." एवढंच म्हणाला आणि माझा हात आपसूक उजव्या गालाकडे गेला. महिना झाला, मला धड बसवत नाही. उठते, पाणी पिते, पुन्हा बसते. मला अण्णांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला आख्खा जन्म पुरला नाही.

अण्णा माझे थोरले मावसभाऊ, शहरात बुधवारा पेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर. आम्ही जवळच्या चांदनी गावाला राहायचो. आमच्या मुलखाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कुरडयांचा चीक ढवळताना उसळला आणि माझा गाल भाजला. जखम भरली, पण जागा लाल, जाड, दोरीसारखी उठून राहिली. इच्छापुरच्या ज्या घरी माझं लग्न जमत आलं होतं, तिथून निरोप आला, डाग गेला की बघू. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. मी मात्र मनातून खूश! मला मॅट्रिक होऊन मास्तरीण व्हायचं होतं.

अण्णा दर रविवारी गाडीने यायचे. मेण, तिळाचं तेल आणि कांद्याचा रस खलून केलेलं मलम आणायचे. आई कुरकुरली, "नागपूरचं औषध नाही का मिळत आता?" तर म्हणाले, "मावशी, राजधानी बदलली, कांदा थोडीच बदलला!" जखम ओली असताना लावायचं नाही, कातडी पक्की झाली की दोन वेळा, बोटाने गोल गोल, घाई न करता, हा त्यांचा कायदा. मी डबी घेऊन गोठ्यात जायचे आणि आमच्या पवळ्या बैलाच्या मानेवर, जुवाने पडलेल्या जुन्या वणावर ते चोळायचे. अगदी कायद्याप्रमाणे.

रविवारी अण्णा माझा गाल चाचपायचे. "काय गं, मालिश बराबर चालू आहे ना?"

"हो अण्णा, रोज."

पुढच्या वेळी ते मेण कमी करून आणायचे. इकडे पवळ्याचा वण मऊ पडला, दिवाळीपर्यंत त्यावर बारीक केससुद्धा आले. मला हसू आवरायचं नाही... तेव्हा.

स्थळ मोडलं. मी शिकले, नोकरी केली, मनासारखं लग्नही झालं. अण्णांनी मात्र ते मलम करणंच सोडलं. कोणी मागायला आलं की म्हणायचे, "माझ्या बहिणीलाच गुण नाही आला. मोठ्या डॉक्टरला दाखवा." अशा किती पोरी रिकाम्या हाताने परत गेल्या असतील? सांगेन सांगेन म्हणत राहिले. ते हसून माफ करतील, याचीच मला भीती वाटायची.

परवा भाचा त्यांची औषधांची वही घेऊन आला. एक पान माझ्या नावाचं. तेच मलम, पुन्हा पुन्हा खोडून बदललेलं. शेवटची ओळ थरथरत्या हाताची, अगदी अलीकडची: 'कांदा जास्त झाला? चूक कुठे?'

मी भाच्याला सगळं सांगून टाकलं. त्याने माझ्या गालाकडे बघितलं. मग खिशातलं पेन काढून म्हणाला, "आत्या, तुम्हीच लिहा ना आता."

मी त्या ओळीखाली लिहिलं, 'अण्णा, चूक नव्हती. मी लावलंच नाही.'