महिपतरावांची उटकटारी

महिपतराव सोळाव्या वर्षी माण तालुक्यातलं गाव सोडून आले, डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात चिकटले, तिथेच रिटायर झाले आणि मग ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत बसून गावाचा अभिमान बाळगू लागले. त्यानंतर गावात ते राहिले कधी? जत्रेला जायचे, मटण खायचे आणि दुसऱ्या दिवशी परत. तिथल्या उन्हाने त्यांचं डोकं दुखायचं. पण बिल्डिंगमध्ये कुणी ‘तुमच्याकडे दुष्काळ ना हो?’ असं विचारलं, की मान अशी ताठ व्हायची, जणू दुष्काळ त्यांनीच पाणी घालून वाढवलाय.

या माणसाला जो काही मान मिळाला, तो एका काटेरी झुडपामुळे. उटकटारी त्याचं नाव. गुडघ्याएवढं, पांढुरक्या पानांचं, टोकाला काट्यांचा गोल चेंडू. ‘खानदान झेंडू-सूर्यफुलाचं,’ महिपतराव जिन्यात सांगायचे, ‘पण त्यांच्यासारखं पाण्याला लाचार नाही. राजस्थान, कच्छ, सिंध, पार अफगाणिस्तानपर्यंत, आणि इकडे आमचा माण. तुमच्या कोकणात लावून दाखवा, मिशी काढीन.’ हे सगळं त्यांनी मोबाईलवर वाचलं होतं. मिशीही फारशी नव्हती.

गावाकडची समजूत अशी, की बाईला कळा सुरू झाल्या की उटकटारीची मुळी तिच्या केसांत बांधायची, म्हणजे सुटका लवकर होते. आणि मूल बाहेर आलं, की त्या क्षणी मुळी सोडायची. नाहीतर मुळी ओढतच राहते आणि बाईच्या जिवावर येतं. महिपतरावांचा चुलतभाऊ एसटीने मुळ्या पाठवायचा आणि हे त्या बिल्डिंगभर, नात्यात, कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांत वाटायचे. पैसे घ्यायचे नाहीत. त्यांना हवा असायचा तो फोन. कुणाची बाळंतीण दवाखान्यात गेली, की हे इथून दर पाच मिनिटांनी त्या घरच्यांना छळायचे. ‘पोर रडलं का? आधी मुळी काढा, मग पेढे.’ एकदा तर नर्सला फोनवर घेऊन दमात घेतलं. बाळंतपण डॉक्टरीणबाई करायच्या, श्रेय मुळीला जायचं आणि पेढ्यांचा पुडा ठाकुर्लीला यायचा.

त्यांची बायको रखमाबाई शेजारच्याच गावची. नवऱ्याच्या गप्पांवर तिचा विश्वास नव्हता, पण मुळीवर होता. मुलाच्या, स्वानंदच्या वेळी तिच्या सासूने तिच्या केसांत मुळी बांधली होती, आणि पोर रडताच सोडली होती. त्याच स्वानंदची बायको मैथिली आता दिवसांत होती.

‘मुळी आणून ठेवा,’ रखमाबाईने आठव्या महिन्यातच सांगितलं.

‘ठेवतो गं. माझ्या नातवाला मुळी कमी पडेल व्हय?’

एका मंगळवारी ते टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला गेले आणि संध्याकाळी मुळी घेऊन आले. धुतलेली, साल काढलेली, काळ्या दोऱ्यात गुंडाळलेली. गावचा माणूस टिटवाळ्याला भेटला, त्याने दिली म्हणे. रखमाबाईने ती देवापाशी ठेवली.

मैथिलीला कळा सुरू झाल्या तेव्हा रखमाबाईने स्वतःच्या हाताने तिच्या अंबाड्यात मुळी बांधली.

‘आई, टोचतंय हो,’ मैथिली म्हणाली.

‘टोचू दे. जरा येळचं काम हाय.’

डोंबिवलीच्या दवाखान्यात नर्सने अंबाड्यावर टोपी चढवली आणि मैथिलीला आत नेलं. दुपारी आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी. स्वानंद पेढ्यांना धावला. रखमाबाई दारापाशी जाऊन उभी राहिली, पण आत कुणी सोडेना. ती मागे वळली. महिपतराव बाकावर बसून वडापाव खात होते.

‘आवं, मुळी ऱ्हायली की केसांत.’

‘राहू दे. बाहेर आणल्यावर काढ.’

‘राहू दे?’

‘काय होत नाही. तू बस, चहा सांगू का?’

रखमाबाई बसली नाही. परक्या बायकांच्या मुळीसाठी नर्सला दम देणारा माणूस घरच्या सुनेच्या वेळी मिरची बाजूला काढून ठेवत होता.

‘कशाची हाय ती?’ तिने हळू विचारलं.

‘कशाची म्हणजे?’

‘उटकटारी असती तर तुम्ही दार फोडलं असतं.’

महिपतरावांनी घास गिळला. इकडेतिकडे पाहिलं. ‘पिवळ्या धोतऱ्याची. टिटवाळ्याच्या रुळांकडेला ढीग आहे. काटे त्यालाही असतात.’

‘आन् गावची?’

‘गावाला माळ राहिलाय कुठं? कॅनॉल आला, सगळ्या माळावर ऊस उभा आहे. उटकटारीला पाणी सोसत नाही, मरून गेली. तीनचार वर्षं झाली.’

‘तवापासनं समद्यांना धोतरा?’

‘सुटल्या ना सगळ्या नीट? मग?’

एवढंच उत्तर होतं त्यांच्यापाशी, आणि ते त्यांना पुरेसं वाटत होतं. दुष्काळावर जन्मभर मिशीला पीळ दिला. दुष्काळ गेला तर तेवढं खरं सांगायला जीभ उचलली नाही.

मैथिलीला बाहेर आणलं तेव्हा रखमाबाईने तिच्या डोक्यावरची टोपी सरकवून मुळी सोडली आणि बाकाशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात वडापावच्या कागदावर टाकली. मग नातीला मांडीवर घेतलं.

महिपतरावांचा फोन वाजला. त्यांनी उचलला नाही, तो तिने उचलला. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवानीची आई होती. अभिनंदन झालं, मुलगी कुणासारखी दिसते ते झालं, मग ती म्हणाली, ‘काकी, आमच्या शिवानीलाही आता नववा लागेल. काकांना तेवढं मुळीचं सांगून ठेवा हं.’

महिपतरावांनी हाताने खूण केली. हो म्हण.

रखमाबाईने त्यांच्याकडे पाहत सांगितलं, ‘मुळी बंद झाली बाई. आमच्या गावाला आता ऊस होतो. ऊस पायजे असंल तर सांगा, यांना आणाय लावते.’