शिवलेली चाळीस पानं

आमच्या घाटकोपरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही तिघी सात वर्षं दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच पुस्तक वाचत होतो. एकच पुस्तक, एकच प्रत, एकीने मोठ्याने वाचायचं आणि दोघींनी ऐकायचं. याला वाचक मंडळ वगैरे म्हणतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही नुसतं ‘गुरुवार’ म्हणायचो.

बसायचो दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. वाचायच्या झकास, पण शुद्धलेखन घातल्यासारखं, स्वल्पविरामाला थांबून आणि पूर्णविरामाला आमच्याकडे बघून. दुसरी मी. मी वाचायला लागले की दूध उतू चालल्यासारखी धावायचे. तिसऱ्या मावशी, तळमजल्यावरच्या, मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मावशींनी ब्लाऊज शिवून घर चालवलं. शाळा दुसरीपर्यंत. त्या कधी वाचायच्या नाहीत. “माका तुमच्यासारखा धडाधड येणा नाय,” म्हणायच्या आणि मांडीवर ब्लाऊज घेऊन हूक लावत ऐकायच्या.

ऐकायच्या म्हणजे भांडायच्या. पुस्तकातल्या सासूला तोंडावर शिव्या, नवऱ्याला सल्ले. बाई वैतागून चष्मा काढायच्या. “अहो मावशी, त्याला ऐकू जात नाही तुमचं.” त्यावर मावशी म्हणायच्या, “म्हणानच तर त्येची वाट लागली.” खरं सांगायचं तर अर्धी मजा पुस्तकात असायची आणि अर्धी मावशींच्या या मधल्या बोलण्यात. तेव्हा मलासुद्धा वैताग यायचा. पुढे काय होतं याची मला भयंकर घाई असायची.

या घाईनेच मी एकदा माती खाल्ली. ज्या आठवड्यात जिची वाचायची पाळी, तिच्या घरी पुस्तक राहायचं आणि नियम एकच होता: घरी पुढे वाचायचं नाही. माझ्याच्याने तो पाळवला नाही. पोळ्या करता करता मी पुढचं अख्खं प्रकरण वाचून काढलं आणि गुरुवारी घसा बसल्याचं निमित्त करून वाचायचं काम बाईंवर ढकललं. पुस्तकातला म्हातारा होडीवाला नुकता आजारी पडला होता. बाई शांतपणे वाचत होत्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींनी सुई थांबवली.

“बाईनू, थांबा. ह्या चेडवान पुढचा वाचल्यान हा. अजून मरूक नाय तो, आणि ही आदीच रडाक लागली!”

बाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मावशी रागावल्या नाहीत, त्यांनी बंदोबस्त केला. त्या दिवसापासून गुरुवारचं वाचन संपलं की त्या पुस्तक मांडीवर घ्यायच्या आणि गोधडीच्या जाड सुईने पुढच्या प्रकरणाच्या मोकळ्या कडेला पाच-सहा कच्चे टाके घालायच्या. पुढच्या गुरुवारी ते टाके त्यांनीच उसवायचे. त्यापलीकडची पानं मोकळीच असायची, पण मधलं कळल्याशिवाय पुढचं वाचण्यात काही राम नसतो, हे त्यांना बरोबर माहीत होतं. त्यांच्या नातवाच्या मित्रांनी एकदा ते शिवलेलं पुस्तक पाहिलं आणि हसून हसून लोळले. हसू देत. त्या टाक्यांमुळे आमच्यासाठी गुरुवार यायचा.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. त्या वेळी आम्ही खाडीकाठच्या एका मिठागराच्या गावातल्या दोन बहिणींची जाडजूड कादंबरी वाचत होतो. बंद पडलेल्या एका वाचनालयातून बाईंनी ती आणली होती. कव्हर आणि पहिली चार पानं केव्हाच गेलेली, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही, दुसरी प्रत मिळायचा प्रश्नच नाही. थोरली बहीण भांडून घर सोडून जाते आणि धाकटी सगळं पुस्तकभर तिची वाट बघते. थोरली परत येते की नाही, एवढंच कळायचं राहिलं होतं. दोन प्रकरणं, चाळीस पानं.

घरं रिकामी करायच्या धांदलीत ती संपवता आली असती. दोन दुपारी पुरल्या असत्या. पण बाईंना वाटलं, आणि आम्हालाही पटलं, की घाईत शेवट उरकायचा नाही. नव्या इमारतीत परत आलो की पहिल्या गुरुवारी बसायचं. मावशी म्हणाल्या, दोन्ही प्रकरणं नीट शिवून देतंय, आणि पुस्तक घेऊन गेल्या ते आठ दिवस दिलंच नाही. टेम्पो दारात उभा असताना त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, “चार टाके घालायला आठ दिवस लागतात का हो?” त्या नुसत्या हसल्या. पुस्तक माझ्याकडे दिलं कारण, त्यांच्या मते, चोरालाच राखणीला बसवलेलं बरं.

बाई बंगळुरूला मुलाकडे गेल्या. मावशींच्या मुलाने बोरिवलीला घर घेतलं. मी मुलुंडला भाड्याच्या घरात. बिल्डर दोन-तीन वर्षं म्हणाला होता, चार लागली.

गुरुवारचे तीन वाजले की मला काय व्हायचं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. घरात हसले असते. मी पुस्तक घेऊन बसायचे, दुसरं एखादं, आणि चार पानं झाली की वाटायचं आता कोणीतरी मधे बोलेल. कोणी बोलायचं नाही. पुस्तकातली सासू खुशाल छळत राहायची आणि तिला शिव्या घालायला कोणी नसायचं. मी मोठ्याने वाचून पाहिलं. स्वतःचाच आवाज ऐकून इतकं ओशाळायला झालं की पुन्हा तो प्रयोग केला नाही.

भाचीने मला पवईला एका बुक क्लबमध्ये नेलं. तळ्याजवळचं कॅफे, गोलात बसलेली हुशार मंडळी. सगळे पुस्तक घरून वाचून आलेले आणि आता त्यावर मतं मांडत होते. चांगली मतं होती. तासाभराने मी विचारलं, “मग वाचायचं कधी?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाची म्हणाली, “आत्या, वाचून झालंय ना यार.” मी कॉफी संपवली आणि घरी आले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण मला मतं नको होती, मला मावशींची सुई थांबलेली बघायची होती.

आम्ही तिघींनी व्हिडिओ कॉलही करून पाहिला. बाईंचा आवाज तुटत होता, आणि मावशींच्या चौकोनात त्यांचा चेहरा नव्हता, छताचा पंखा फिरत होता. “मावशी, फोन तुमच्याकडे वळवा!” आम्ही ओरडलो आणि पोट धरून हसलो. मावशीही हसल्या. पुढच्या वेळी कॉल करायचं राहून गेलं.

एवढ्या काळात ती शिवलेली पानं माझ्या कपाटात साड्यांखाली होती. कात्री त्याच कपाटात. मी हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादा नियम मी पाळला आणि मला त्याचा चांगलाच अभिमान होता.

मागच्या वर्षी आम्हाला नव्या टॉवरचा ताबा मिळाला, चौदावा मजला. खाली नावांची पाटी लागली. तीत मावशींच्या घरासमोर दुसरंच आडनाव होतं, घर भाड्याने दिलेलं. बाईंनी फोनवर सांगितलं की गुडघ्यांमुळे आता प्रवास जमणार नाही. “तू वाच गं मावशींपाशी जाऊन, मला नंतर सांग,” म्हणाल्या आणि त्यांचा आवाज शिक्षिकेसारखा राहिला नाही. मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, “गुरवारी ये. येताना पुस्तक हाड.”

दोन मेट्रो बदलून मी बोरिवलीला पोहोचले. दार सुनेने उघडलं. मावशी खिडकीशी बसल्या होत्या आणि माझ्याकडे न बघता, आवाजाच्या दिशेने, म्हणाल्या, “इलंस? बस गो.” सुनेने हळूच सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचा आजार, चार-पाच वर्षं झाली. आता फक्त उजेड-अंधार कळतो. मला तो छताचा पंखा आठवला आणि माझी मलाच लाज वाटली.

पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, टाके मोजले, कात्री मागितली आणि दोनांतल्या पहिल्या प्रकरणाचे टाके चाचपत कापले. “वाच,” म्हणाल्या. “सावकाश.”

मी सावकाश वाचलं, बाईंसारखं, स्वल्पविरामाला थांबून. धाकटी मिठागरावरून दमून येते, पाय धुते, चूल पेटवते. रोजचंच सगळं. दारात पोस्टमन यायला अजून दोन परिच्छेद होते, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मी पान उलटताना वर पाहिलं तर मावशींनी पदर डोळ्यांना लावला होता. मी गोंधळून पुढे वाचलं. पोस्टमन आला, थोरलीचं पत्र आलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“मावशी! पत्र यायच्या आधीच रडलात तुम्ही!”

त्या लहान मुलीसारख्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, “डाक्टर म्हणालो होतो, डोळे ऱ्हवचे नाय. कोणाक सांगूक नाय मी. म्हटलंय, दिसता हा तोवर एकदा आपणच वाचून बघूया. आठ दिस लागले माका. अक्षर अक्षर लावून. सगळ्यांची बांधाबांध चललेली, आणि मी मोरीत पाट घेवन बसलंय.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. चार वर्षं मी कपाटाला कुलूप लावल्यासारखी राहिले आणि जिने टाके घातले तिनेच ते घालण्याआधी सगळं वाचून काढलं होतं. आणि त्याच वेळी ती मोरीत पाटावर बसलेली बाई माझ्या डोळ्यांपुढे आली, एका हाताचं बोट ओळीवर ठेवून, सात वर्षांत आमच्यासमोर एक ओळही न वाचलेली. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“कशी वाटली तेव्हा? एकट्याने वाचताना?”

“काय मजा नाय इली,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही दोघी नाय, मगे मी भांडू कोणाच्या देखत?”

प्रकरण संपलं तेव्हा पाच वाजले होते. शेवटचं प्रकरण अजून शिवलेलंच होतं, आणि माझ्याजवळ वेळ होता, घरी काही अडलेलं नव्हतं. मी कात्री उचलली. मावशींना तो आवाज कळला. त्यांनी हात पुढे करून कात्री काढून घेतली आणि मांडीखाली ठेवली. वरचा एक टाका सैल झाला होता. सुनेकडून सुई आणवली, दोरा मी ओवून दिला, आणि त्यांनी न बघता तिथे आणखी दोन टाके घातले. सरळ रेषेत, पूर्वीसारखेच.

त्या दोऱ्याला गाठ मारत होत्या आणि माझा संयम संपला. सात वर्षांचा, चार वर्षांचा, सगळाच.

“एवढं तरी सांगा मावशी. ती परत येते का?”

त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

“गुरवारी ये,” म्हणाल्या, “मगे कळतला.”