फाट्यावरचा पहिला नंबर

आमच्या सायकल ग्रुपमध्ये जो सगळ्यांत हळू, तो सगळ्यांत आधी सुटतो. त्याच्यामागून काही काही मिनिटांच्या अंतराने बाकीचे, आणि सगळ्यांत तगडा गडी शेवटी. कुणी कुणाच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही. ज्याने त्याने एकट्याने घड्याळाशी भांडायचं. ही पद्धत काढली ती मिसळीसाठी. सगळे साधारण एकदमच परत आले, की मिसळ सगळ्यांना गरम मिळते. या पद्धतीमुळे पहिला नंबर कायम माझा.

दिवाळीनंतर होळीपर्यंत महिन्यातून एका रविवारी ही शर्यत असायची. दौंडच्या बाजूच्या एका पेट्रोल पंपापासून निघायचं, भीमेचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात शिरायचं, वडगाव रासाईच्या फाट्यावर रस्त्याकडेला ठेवलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि आल्या रस्त्याने परत. एकूण चाळीस किलोमीटर. झेंडा दाखवायला आणि वेळ लावायला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डमामा असायचे. हिरवा झेंडा ते अशा गांभीर्याने हलवत की आपल्यामागे डबे जोडलेले नाहीत ना, असं एकदा वळून बघावंसं वाटे.

मला एकच गोष्ट हवी होती. हे चाळीस किलोमीटर एकदा तासाच्या आत. ग्रुपमधल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी केलं होतं. दूध डेअरी चालवणारा आमचा मित्र, ज्याचं पोट हँडलच्या आधी पुढे जातं, त्यानेसुद्धा. राहिलो होतो मी एकटा. पंचेचाळिशी ओलांडली की माणसाला आपल्याबद्दल बरंच काही कळून चुकलेलं असतं, आणि त्यातलं बहुतेक फारसं अभिमानाचं नसतं. निदान एक आकडा तरी आपल्या बाजूने असावा, असं मला वाटायचं. म्हणून मी शेपटीचं हेल्मेट घेतलं. त्याने वारा कापला जातो म्हणे. ते घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "बाहेर जाताना मागच्या दाराने जा."

फाट्यावर एक चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर पांढरी टोपी घातलेले एक आबा रोज सकाळी बसलेले असतात. पहिल्या शर्यतीला मी पिंपाजवळ पोचलो तेव्हा माझ्या पुढे अर्थातच कुणी नव्हतं. आबा उठून ओरडले, "पयला आला रं! पयला!"

टपरीवरच्या दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला.

खुलासा करता आला असता. पण शर्यत चालू असताना थांबून खुलासा कसा करणार? ही सबब मला फार आवडली. बाकीचे मला गाठायचे ते परतीच्या रस्त्यावर, पूल ओलांडून दौंडच्या हद्दीत. शिरूर तालुक्यात मी अजिंक्य होतो. दुसऱ्या महिन्यात टाळ्या वाढल्या. तिसऱ्या महिन्यात एसटीची वाट बघणाऱ्या बायाही उभ्या राहून बघत होत्या. खोटं कशाला बोलू, फाट्याच्या अलीकडे मी पाठ ताठ करून चेहरा जरा कणखर करू लागलो.

मग हंगामातली शेवटची शर्यत आली. त्या दिवशी पाय असे चालले की मला स्वतःचाच संशय आला. सायकल आपोआप पळत होती. वाटलं, चार महिन्यांची मेहनत फळाला आली. वारा पाठीला आहे, ही शंका मनात आली होती. मी ती टिकू दिली नाही. फाटा दिसला तेव्हा घड्याळात अठ्ठावीस मिनिटं झाली होती. परतायला बत्तीस उरली होती. तास हातात होता.

आणि रस्त्याच्या मधोमध आबा दोन्ही हात पसरून उभे.

त्यांच्यामागे मांडव. मांडवात खुर्च्या, टेबल, टेबलावर हार, आणि वर फ्लेक्स. फ्लेक्सवर मी. मागच्या महिन्यात कुणीतरी मोबाइलवर टिपलेला, तोंड उघडं, जीभ बाहेर, डोक्याला शेपूट. खाली मोठ्या अक्षरांत : सलग चौथ्यांदा प्रथम क्रमांक. म्हणजे फ्लेक्स निकालाच्या आधीच छापून झाला होता.

मी ब्रेक दाबले. आबांना चुकवून जाणं शक्य नव्हतं; ते डावीकडे-उजवीकडे सरकत होते.

"आबा, सोडा, शर्यत चालू आहे!"

"आसू द्या की. मागं कोन दिसतंय का? न्हाई. मग दोन मिंटांनी काय बिघडतंय?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणालो, "आबा, मी पहिला नाही. मी शेवटचा आहे. हळू चालवतो म्हणून मला आधी सोडतात."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग मांडवाकडे. "शेवटचा मानूस सगळ्यांच्या पुढं कसा आसंल?" आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बगा रं! पयला आसून तोंडात 'मी पयला' न्हाई. ह्याला म्हंत्यात मानूस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चार महिने मी गप्प बसलो ते त्यांना खरं वाटलं, आणि खरं बोललो तो विनय ठरला. माझं हेल्मेट काढलं, फेटा बांधला, हार घातला, शाल दिली, नारळ दिला. सरपंचांनी भाषण केलं. गावातल्या पोरांनी मोबाइल सोडून मैदानात यावं, असा त्याचा सारांश होता. ते ऐकत असताना आमचा डेअरीवाला आला. पिंपाला वळसा घालता घालता ओरडला, "अहो पाव्हणं, लगीन कुणाचं?"

"ह्यो दुसरा!" आबांनी जाहीर केलं. त्यालाही टाळ्या मिळाल्या. त्यानेही हात वर केला. बाकीचे असेच एकामागून एक येऊन गेले. आबांनी प्रत्येकाला नंबर दिला. सगळ्यांत वेगवान गड्याला शेवटचा मिळाला आणि "आजून जोर लावा!" असा सल्लाही.

सुटका झाल्यावर मी नारळ पोटाशी कपड्यात कोंबला आणि निघालो. वारा आता तोंडावर होता. जाताना पळवलं कुणी, ते पुलावर स्पष्ट कळलं.

पंपावरच्या हॉटेलात मिसळ संपत आली होती. गार्डमामांनी घड्याळ बंद केलं. तासाच्या बरंच वर. पण माझ्या हातातलं घड्याळ थांबलो की मोजणी आपोआप थांबवतं. त्यात एकोणसाठ मिनिटं आणि वर काही सेकंद होते.

डेअरीवाल्याने माझा हात धरून तो आकडा सगळ्यांना दाखवला. "झालं की रे! तासाच्या आत!"

"थांबलेली मिनिटं वजा करा, मामा," दुसऱ्याने सांगितलं. "त्याची काय चूक? गावाने अडवला."

"सिग्नलला गाडी अडली म्हणून ती वेळेवर आली असं मी कधी लिहिलं नाही," मामा म्हणाले. पण आवाजात नेहमीची कडक धार नव्हती. चार महिने सगळ्यांत आधी झेंडा त्यांनी मलाच दाखवला होता. थोडी घासाघीस केली असती तर ते विरघळले असते. मला ते दिसत होतं, बाकीच्यांनाही दिसत होतं.

"वारा केवढा होता परतताना!" डेअरीवाला माझ्या बाजूने भांडतच होता. "त्याने तो कापला. दमला असेल किती!"

"छे," मी म्हणालो, "दमलो कुठे? चांगली विश्रांती झाली होती ना खुर्चीत."

डेअरीवाल्याने माझा हात सोडला. "गप्प बसायला काय घेशील रे?"

फाट्यावर मी खरं सांगितलं तेव्हा अख्ख्या मांडवात कुणाचा विश्वास बसला नाही. इथे पंपावर एका वाक्यात सगळ्यांचा बसला. प्रामाणिकपणामुळे बोललो असं म्हणायला मला आवडेल. पण तसं नसावं. त्या दिवशी एकदा न कमावलेला हार गळ्यात पडला होता. दुसऱ्यांदा मान पुढे करायची हिंमत झाली नाही, एवढंच. न थांबता मी आलो असतो का, हे मला माहीत नाही. त्या वाऱ्यात बहुधा नाही. पण 'बहुधा' हा काही आकडा नव्हे.

मामांनी माझी पूर्ण वेळ मोठ्याने वाचून दाखवली, मांडवासकट. मी मान डोलावली आणि उरलेली मिसळ मागवली. ती गार होती.