पाचशे दुपट्ट्यांचं पक्षांतर

शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर, दोन्हींची आधीच माफी मागते. मी चौथी शिकले, आणि त्यालाही आता चाळीसच्या वर वर्षं झाली. ही वही नातीची आहे. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कोणी वाचलीच तर हसा, पण मला काही विचारायला येऊ नका. मला तोंडाने सांगता येत नाही म्हणून तर लिहायला बसले आहे.

तर, मागच्या निवडणुकीत मी एक अख्खा पक्ष आमच्या अंगणातल्या ड्रममध्ये बुडवला.

आमच्या घरात पक्ष दोन. त्यांची नावं लिहीत नाही (वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही!), रंगावरून समजून घ्या. माझे मालक गुलाबी पक्षाचे. लागूनच्या दोन खोल्यांत राहणारे माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, मोरपंखी पक्षाचे. दोघंही तीस वर्षांपासून. अंगण एक, नळ एक, पण दोन निवडणुका झाल्या, भावाभावांचं बोलणं बंद आहे. घरात पेपर दोन येतात. एकाच्या पेपरात ज्याचा विजय होतो, दुसऱ्याच्या पेपरात त्याचं डिपॉझिट जातं.

माझं आणि भासऱ्यांचं बोलणं तर लग्नापासूनच बंद, पण ते भांडण नाही, ती रीत आहे. आमच्यात धाकट्या सुनेने भासऱ्यांशी बोलू नये, पदर घेऊन आड व्हावं. भासऱ्यांना मला काही सांगायचं असलं की ते आधी खाकरतात आणि मग नळाला सांगतात, "पाणी जरा जपून भरत जा म्हणा." मी उत्तर जाऊबाईंना सांगते, जाऊबाई त्यांना सांगतात. तिघंही एकमेकांपासून तीन हातांच्या अंतरावर उभे असतो! पण रीत म्हणजे रीत.

आता जाऊबाईंचं सांगते, कारण सगळा जीव त्यांच्यात अडकलेला होता. आमच्या गल्लीत बारा बायकांची भिशी आहे, दर महिन्याला पंधराशे. पैसे माझ्याकडे असतात. (ही बोलत नाही म्हणजे खर्चही करत नसेल, असा बायकांचा समज.) त्या महिन्याचा नंबर जाऊबाईंचा होता. त्यांचे वरचे सगळे दात गेलेले. आठ महिने बिचारी पोळी वरणात बुडवून खात होती. अठरा हजार हातात आले की कवळी बसवायची, असं ठरलेलं. डॉक्टरने मतदानानंतरची तारीखही दिली होती.

आणि त्याच आठवड्यात हे नाचतच घरी आले.

"शकुन, आमच्या पक्षाच्या नेत्यायनं पाचशे दुपट्ट्यांची ऑर्डर देल्ली! गुलाबी! आपल्याले!"

"ॲडव्हान्स?"

"नेत्यायले ॲडव्हान्स मागतात का वं? माल देल्ला का नगदी देतात. कापडाचं तेवढं पाहा लागते."

"कुठून पाहू?"

ह्यांनी कपाटाकडे पाहिलं. भिशीचा डबा कपाटात होता. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तिथेच माझं सगळं अडतं. "आठ दिवसांत परत," हे म्हणाले, आणि जाऊबाईंचे दात गुलाबी कापड होऊन घरात आले.

मी फॉल-पिको करते. सहा दिवस मशीन थांबू दिली नाही. पाचशे दुपट्टे शिवून, घड्या घालून, सुतळीने बांधून ठेवले. सातव्या दिवशी सकाळी नेते मोरपंखी पक्षात गेले.

ह्यांनी टीव्हीवर पाहिलं. गळ्यात मोरपंखी दुपट्टा, तोंडावर तेच हसू. हे टीव्हीजवळ सरकले. मग म्हणाले, "आवाज वाढव. आवाज बरोबर येऊन नाही राहिला." जणू आवाज वाढवल्यावर बातमी बदलणार होती!

हे तसेच मनीषनगरला नेत्यांच्या घरी गेले. परत आले ते पडलेलं तोंड घेऊन.

"काय म्हणाले?"

"म्हणे, गुलाबीचं मी आता काय करू? मोरपंखी आण, पाचशेच्या पाचशे घेतो. आजच्या आज नगदी."

"मग तुम्ही?"

"मी काय? मीही मोरपंखीच." एवढं बोलून हे भिंतीकडे तोंड करून झोपले. तीस वर्षांची निष्ठा भर दुपारी, उशीशिवाय.

आता इथून पुढचं सगळं माझं. कोणावर ढकलत नाही.

माझं माहेर उमरेडचं. बाबा विणकर. सूत रंगवायचं काम घरीच चालायचं, मी लहानपणापासून ड्रममध्ये काठी फिरवलेली. मला वाटलं, कापड सुती आहे, रंग आपल्या हातातला आहे, गुलाबीचं मोरपंखी करायला असा किती वेळ लागतो? नेते एका रात्रीत झाले, दुपट्ट्यांना दोन तास पुरेत! इतवारीच्या बाजारातून मोरपंखी रंग आणला. सातशे रुपये माझ्या पिकोच्या डब्यातले. अंगणात तीन विटांवर ड्रम ठेवला, पाणी उकळलं, मीठ टाकलं आणि गुलाबी पक्ष गठ्ठ्यागठ्ठ्याने आत सोडला.

गल्ली गोळा झाली. मी पदरात तोंड लपवून काठी फिरवत होते. भासरे दारात आले, खाकरले आणि नळाला म्हणाले, "चला! उशिरा का होईना, काही लोकायले अक्कल आली म्हणा."

आतून हे ओरडले, "नळाले सांगा, अक्कल नाही, ऑर्डर आहे!"

दोन निवडणुकांनंतर भाऊ भावाशी बोलला. तोही नळामार्फत.

संध्याकाळी पहिला दुपट्टा पिळून तारेवर टाकला. मोरपंखी नव्हता. गुलाबीही नव्हता. वांग्याचा रंग होता. भरताच्या वांग्याचा, अगदी देठाजवळच्या सालीसारखा. मला वाटलं वाळल्यावर खुलेल. वाळल्यावर तो आणखी वांगी झाला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांनी जन्मभर पांढरं सूत रंगवलं होतं. आधीचा रंग उतरवून मग दुसरा चढवायचा असतो, हे मला माहीतच नव्हतं, कारण आमच्या घरात आधीचा रंग असलेलं सूत कधी आलंच नाही! शिवाय पन्नास दुपट्ट्यांवर असे चट्टे उठले होते की त्यांना रंग म्हणणंही पाप.

हे एक दुपट्टा घेऊन नेत्यांना दाखवायला गेले आणि पाच मिनिटांत परत आले. काय झालं ते मी विचारलं नाही.

मी रात्रभर जाऊबाईंच्या हिरड्यांचा विचार करत पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गेले, तर भासरे खाकरले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. नळाला म्हणाले, "ज्याच्या इरोधात तीस वर्षं घोषणा देल्या, त्याच्याच गळ्यात आता हार घालू का मी? मले विचारलं काय कोणी? मी राजीनामा फेकला! आजपासून मी गुलाबी!" मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "आमच्या गुलाबीवाल्यायले तातडीनं पाचशे दुपट्टे पाहिजेत म्हणा. नगदी देऊन राहिले. ड्रमात न गेलेले आहेत ना अजून घरात?"

माझ्या हातातली बादली खाली बसली, आणि तिच्याबरोबर मीही.

काल सकाळपर्यंत होते! काल सकाळपर्यंत पाचशेच्या पाचशे, घडी घालून, सुतळीने बांधून! मी हात लावला नसता, नुसती झोपून राहिले असते, तरी पैसे चालत घरी आले असते. जाऊबाई माझ्याकडे पाहत होत्या, नळ माझ्याकडे पाहत होता. मी तारेकडे बोट दाखवलं. तारेवर पाचशे वांगी वाऱ्यावर हलत होती.

"हे काय वं शकुन?" जाऊबाई म्हणाल्या. दात नसल्याने त्यांचं बोलणं फुसफुसायचं. "हा कोणता पक्ष म्हणायचा?"

मग मला रडू आलं आणि सगळं बाहेर पडलं. भिशी, कापड, मनीषनगर, ड्रम, सगळं. लग्नानंतर मी एका दमात इतकं कधीच बोलले नव्हते. आणि शुद्ध हरपल्यासारखी भासऱ्यांच्या समोर बोलले! ते इतके गांगरले की त्यांनीच डोक्यावर टॉवेल ओढला आणि आत गेले.

जाऊबाई तारेकडे वळल्या. मला वाटलं, आता गल्ली गोळा करतील. त्यांनी तारेवरचा एक दुपट्टा काढला, डोक्याला, कानाला, नाकाला गुंडाळला आणि उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. एप्रिल महिना होता. नागपूरचं एप्रिलचं ऊन कोणत्याच पक्षाचं नसतं, सगळ्यांना सारखं भाजतं.

"कापड चांगलं आहे," दुपट्ट्याच्या आतून आवाज आला. "थंड आहे. गाडीवरच्या पोरी असंच बांधतात. किती पडला तुले?"

"छत्तीस."

"चाळीसले विकू. तू घड्या घाल, बोलाचं मी पाहतो."

जाऊबाई गल्लीच्या तोंडाशी खाट टाकून बसल्या. त्या दिवसांत कोणी गुलाबी बांधून निघालं की मोरपंखीवाले अडवायचे, मोरपंखी बांधलं की गुलाबीवाले. कॉलेजच्या पोरी, ऑटोवाले, कुरिअरवाले, सगळे घाबरून उघड्या डोक्याने फिरत होते. जाऊबाईंनी हे बरोबर हेरलं. दात नसलेल्या तोंडाने ओरडायच्या, "कोणाचाच नाही! घ्या, कोणाचाच नाही! चाळीस रुपये!"

पहिल्या दिवशी साठ गेले. दुसऱ्या दिवशी शंभरावर. पोलिसांनीही आठ विकत नेले. मतदानाच्या आदल्या दिवशी एक मोरपंखी कार्यकर्ता आला आणि हळूच म्हणाला, "आजी, एक द्या. आमचा रंग घामानं अंगाले लागून राहिला." मागोमाग गुलाबीवालाही आला. त्याने दोन घेतले.

आमच्या दोघा भावांचं मात्र जमलं नाही. हे आता मोरपंखी, भासरे गुलाबी, बोलणं तसंच बंद, फक्त पेपर आपसात बदलले. पण मतदानाच्या दिवशी ऊन इतकं होतं की दोघंही डोक्याला वांगी दुपट्टा बांधून रांगेत उभे राहिले. मागून कोणता कोण, मला ओळखू येईना. मी ज्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली, ते भासरे निघाले.

चट्टेवाले पन्नास सोडून साडेचारशे विकले गेले. त्याच संध्याकाळी मी जाऊबाईंच्या पुढ्यात नोटा ठेवल्या. बहुतेक दहाच्या आणि वीसच्या, घामाने चिकटलेल्या. त्यांनी थुंकी लावून दोनदा मोजल्या. अठरा हजार. एक रुपया कमी नाही.

"फिटले," त्या म्हणाल्या. "उद्याच जातो डॉक्टरकडे."

घरी येऊन मी पिकोचा डबा उघडला, तेव्हा आठवलं की रंगाचे सातशे रुपये हिशोबात धरलेच नव्हते. पण ते कोणाचे नव्हते, माझेच मला देणं होतं. मी दार लावलं, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि ते सातशेच्या सातशे मलाच माफ करून टाकले. आमच्या घराला आजवर मिळालेली ही एकमेव कर्जमाफी!