बिरूअण्णांची खुर्ची

परवा मलकापूरच्या रस्त्याकडेला एकाने घोंगड्यांचा गठ्ठा सोडला. उन्हात तापलेल्या लोकरीचा तो उग्र वास नाकात गेला आणि मी थेट कुंडलच्या रंगमंचाच्या विंगेत जाऊन उभी राहिले.

एका जुन्या रशियन कादंबरीचं नाटक आम्ही आमच्या बोलीत बसवलं होतं. तिथल्या थंडीसाठी ओव्हरकोट घोंगड्यांचेच शिवले होते. गावच्या नाटकात खुर्ची नेहमी बागायतदाराला मिळते, म्हणून मी हट्टाने उलटं केलं. जमीनदार झाले मेंढपाळ बिरूअण्णा आणि त्यांच्यापुढे वाकणारं कूळ झाले गावातले उसाचे मळे असलेले निवृत्त सुभेदार.

पण तालमीत सुभेदार आत आले की बिरूअण्णा खुर्चीतून उठायचे.

“आवं अण्णा, जमीनदार तुमी हायसा! बसून ऱ्हावा की,” मी ओरडायचे.

“कळतंय गं पोरी. पर ह्या गुडघ्यांस्नी कोण सांगणार?”

सगळे हसायचे. माझा जीव मात्र थाऱ्यावर नसायचा. ते उठले की नाटकात काही उरतच नव्हतं.

प्रयोगात सुभेदार आत आले. अण्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, तरी अंग उचललं जाऊ लागलं. सुभेदारांनी टोपी काढली, खाली वाकले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, “बस रं बिरू.”

अण्णा बसून राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. ते शब्द ऐकूनही मी विंगेत हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. वाटलं, जिंकलो.

आज त्या टाळ्या आठवल्या की मला स्वस्थ बसवत नाही. अण्णा बसले खरे, पण सुभेदारांनी बसायला सांगितलं म्हणून.